पाहुणा माल

माझं अक्षर चांगलं आहे हे मला कुणी सांगितलंच नसतं तर फार बरं झालं असतं. शाळेत फळ्यावरचा सुविचार मी लिहायची, गल्लीतल्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर नावं मी घालायची, आणि मी कॉमर्सला गेले तेव्हापासून दर महिन्याला अप्पांच्या बँकेचं स्टॉक स्टेटमेंटही मीच लिहायला लागले. अप्पा म्हणजे माझे वडील, शिवलिंगप्पा. मूळचे कुरुंदवाडचे, कोल्हापुरात येऊन उद्यमनगरात तीन लेथ टाकून बसलेले. पंपाला लागणारे गनमेटलचे बुश, म्हणजे पितळेसारख्या धातूच्या पोकळ नळ्या, कातून द्यायचे हा आमचा धंदा. स्टॉक स्टेटमेंट म्हणजे शेडमध्ये कच्चा माल किती, अर्धवट किती, तयार किती, याचा कागद. त्यावरून बँक ठरवायची की या माणसाला किती पैसे वापरू द्यायचे. ‘नीला, तुझं अक्षर बघितलं की साहेब निम्मं वाचायचंच सोडतोय,’ असं अप्पा हसून म्हणायचे आणि मला केवढी धन्यता वाटायची! गाढव होते मी, दुसरं काय.

शेडच्या मागं दोन खोल्या होत्या, तेच आमचं घर. मध्ये नुसती एक भिंत आणि तिला एक दार, त्यामुळं सकाळी आठला पहिला लेथ सुरू झाला की फडताळातली भांडी थरथरायची आणि सोमवारी सुट्टीच्या दिवशी ती गप्प असली की आम्हालाच चुकल्यासारखं व्हायचं. अव्वाला, म्हणजे आईला, चुलीपुढं बसून नुसत्या आवाजावरून कळायचं की कुठला टर्नर काम करतोय आणि कुठला नुसतं मशीन फिरवत बिडी ओढतोय. ती तिथूनच ओरडायची, ‘म्हाद्या, रिकामं फिरवू नकोस रे, लाईटबिल तुझा बा भरतोय व्हय?’ गनमेटलचा पिवळा चुरा सगळीकडं असायचा. अप्पांच्या सदऱ्यात, माझ्या वेणीत, कधी कधी भाकरीच्या पिठातसुद्धा. पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी, जोंधळ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाताना दाताखाली कण आला की अप्पा म्हणायचे, ‘खा, सोनं समजून खा.’ शनिवारी तो चुरा झाडून, चाळून, वजन करून विकला जायचा आणि त्याचे पैसे अव्वाचे. त्यातून तिनं मला सायकल घेऊन दिली होती, लेडीज, हिरव्या रंगाची.

शेजारच्या शेडमध्ये दिनकरकाका. ते मलकापूरकडचे, मराठा, अंगानं आडवे, आवाज असा की हळू बोलले तरी कोपऱ्यावरच्या टपरीला ऐकू जायचं. तेही बुशच करायचे, पण आमच्यापेक्षा मोठे, आणि काम फार देखणं. आमच्या दोन शेडच्या मधल्या भिंतीतली एक वीट काढलेली होती. त्या भोकातून चहाचा कप इकडून तिकडं जायचा, कधी मायक्रोमीटर, कधी तपकिरीची डबी, आणि दिवसभर शिव्या. ‘ए अप्पा, हायस का मेलास?’ ‘हाय की, तुला पोचवल्याबगार कसा मरतो?’ हे त्यांचं सकाळचं रामराम. त्यांना मूलबाळ नव्हतं. शालनकाकू, त्यांची बायको, आमच्यासाठी घरात एक वेगळं पातेलं ठेवायची. त्यात कधी मटण शिजवायचं नाही, आम्ही लिंगायत वाणी म्हणून ते वाण्यांचं पातेलं. रविवारी त्यांच्याकडं तांबडा रस्सा झाला की त्याच मसाल्याची वांग्या-बटाट्याची आमटी त्या पातेल्यातून आमच्याकडं यायची आणि आम्ही ती भुरके मारत संपवायचो. काका मला म्यानेजरीनबाई म्हणायचे. माझी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची फी अप्पांकडं नव्हती ती त्या भिंतीच्या भोकातूनच आली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून. ‘परत देऊ नगंस,’ ते पलीकडून म्हणाले होते, ‘म्यानेजरीन झालीस की मला कर्ज दे.’ मी म्हणाले, ‘देतो की काका!’ आम्ही कोल्हापूरच्या बायका तोंडानं मी येतो, मी देतो असंच बोलतो. लिहिताना तेवढं सुधारतो.

आता बँकेचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बँकेनं अप्पांना मालाच्या तारणावर उचल मंजूर केली होती. शेडमध्ये माल असेल त्याच्या किमतीतून चौथा हिस्सा वजा करून राहील तेवढे पैसे वापरायचे. ऐकायला बरं वाटतं. पण बुश तयार झाला की तो शेडमध्ये बसतो का? तो जातो पंपवाल्या कंपनीकडं. कंपनीचं बिल निघतं, आणि मग कंपनी पैसे देते पाच महिन्यांनी, सहा महिन्यांनी, तेही ‘आज साहेब नाहीत, पुढच्या गुरुवारी या’ असं चार वेळा ऐकून. बँकेचा नियम असा की तीन महिन्यांपेक्षा जुनी येणी धरायची नाहीत. म्हणजे झालं काय? ज्यानं माल विकला त्याच्याकडं बँकेच्या हिशेबी काहीच नाही. आणि ज्याचा माल धूळ खात पडलाय तो भरवशाचं गिऱ्हाईक! चांगलं काम करा, वेळेवर पोचवा, की तुमची उचल आखडलीच. मी कॉलेजात वाणिज्याची पुस्तकं वाचत होते, त्यात असं कुठं लिहिलेलं नव्हतं. मोठ्या कंपनीला कुणी विचारत नव्हतं की बाई, या लहान माणसाचे पैसे का देत नाहीस. तिलाही तीच बँक कर्ज देत होती, आमच्याहून कमी व्याजानं, मॅनेजर उभं राहून.

म्हणून मग गल्लीत एक रीत पडली होती. कुणी पाडली ठाऊक नाही, मी कळती झाले तेव्हापासून होतीच. ज्याच्याकडं बँकेचा साहेब तपासणीला यायचा असेल त्याच्या शेडमध्ये शेजाऱ्यांनी आपला माल नेऊन ठेवायचा. साहेब बघून गेला की संध्याकाळी ज्याचा त्यानं परत न्यायचा. याला आमच्याकडं पाहुणा माल म्हणायचे. ‘आज अप्पाकडं पावणं हायती’ असं कुणी म्हणालं की सगळे समजायचे. पाहुणा चुकून दुसऱ्याच्या घरी राहू नये म्हणून प्रत्येकानं आपल्या मालाला रंगाचा ठिपका द्यायचा. आमचा निळा, दिनकरकाकांचा लाल, कोपऱ्यावरच्या मोमीनभाईंचा पांढरा. कुणाचा एक बुश कधी इकडचा तिकडं झाला नाही. लिहून काही ठेवायचे नाहीत, पावती नाही, चिठ्ठी नाही. चिठ्ठी मागणं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणं. बँकेला खोटं सांगणारी ती सगळी माणसं एकमेकांशी इतकी खरी वागायची, की आज लिहिताना मला रडू येतं आणि रागही येतो. आधीचे साहेब जुने होते. खुर्ची टाकून चहा प्यायचे, दारातूनच खोकी मोजायचे, आणि मला वाटतं त्यांना सगळं माहीत होतं.

ते बदलून गेले आणि एक तरुण साहेब आले. चष्मा, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं पुणेरी. त्या वर्षी दोन कंपन्यांनी अप्पांचे पैसे अडकवले होते. एकीनं तर अर्धा माल नापास करून परत पाठवला, सहा महिने वापरून झाल्यावर. व्याज तुंबलं. बँकेची पत्रं यायला लागली होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अप्पा ती पत्रं पोस्टमनकडून शेडमध्येच घ्यायचे. घरात इतकंच सांगितलं, की बुधवारी साहेब तपासणीला येणार. मी स्टेटमेंट लिहायला बसले. अप्पांनी आकडे सांगितले ते मी लिहिले. तयार मालाचा आकडा ऐकून मी एकदा वर बघितलं. ‘एवढा कुठाय अप्पा?’ ते म्हणाले, ‘दिनकरचा येतोय. तू ल्ही.’ मी लिहिला. आकड्याखाली पट्टीनं दोन रेघा मारल्या, लाल शाईनं.

बुधवारी सकाळी दिनकरकाकांचा माल हातगाड्यावरून आला. चार महिन्यांचं काम होतं ते. एका मोठ्या कंपनीची त्यांची पहिली मोठी ऑर्डर, धातूसुद्धा उधारीवर घेतलेला. लाकडी खोकी, प्रत्येक खोक्यावर लाल ठिपका आणि आत कागदात गुंडाळलेले बुश, आरशासारखे. काका स्वतः शेवटचं खोकं खांद्यावरून घेऊन आले आणि घाम पुसत म्हणाले, ‘अप्पा, उद्या सकाळी माझा टेंपो लागतोय बघ. सांच्यापतोर परत पायजे.’ अप्पा म्हणाले, ‘साहेब दुपारी येतोय, चारपतोर मोकळा.’ त्यांनी हे म्हणताना काकांकडं बघितलं नव्हतं. ते खोक्यांची थप्पी सारखी करत होते. मला हे आत्ता आठवतं की मी मागून जोडते, देव जाणे.

साहेब दुपारी नाही, अकरालाच आले. बरोबर बँकेचे दोघे आणि एक काळी पिशवी. चहा नको म्हणाले. खुर्ची नको म्हणाले. प्रत्येक खोकं उघडून बघितलं, चार बुश बाहेर काढून वजन केलं, माझ्या स्टेटमेंटशी ताडून बघितलं. मी वही घेऊन मागं मागं फिरत होते. मग ते थांबले. ‘काही खोक्यांवर निळा ठिपका आहे, बहुतेकांवर लाल. का?’ आणि मी, अक्षर चांगलं असलेली, वर्गात पहिली येणारी, मी चटकन म्हणाले, ‘लाल म्हणजे तपासून पास झालेला माल, साहेब. उद्या पाठवायचाय.’ साहेबांनी माझ्याकडं बघून मान हलवली. ‘छान. स्टेटमेंट तुम्ही लिहिता? अक्षर सुरेख आहे.’ खरं सांगते, मला आनंद झाला. भिंतीच्या भोकातून काका ऐकत असणार आणि नंतर म्हणणार, वा गं म्यानेजरीन, असंही मनात येऊन गेलं.

मग साहेबांनी पिशवीतून कुलूप काढलं.

त्यांनी एक कागद वाचून दाखवला. कर्ज थकलंय, तीन नोटिसांना उत्तर नाही, करारातल्या कलमाप्रमाणं तारण माल बँक ताब्यात घेत आहे. आवाज चढवला नाही, एक शब्द वावगा बोलले नाहीत. टर्नरांना बाहेर जायला सांगितलं. लेथ एकामागून एक बंद पडले आणि मागच्या खोलीतली भांडी गप्प झाली तशी अव्वा पदर खोचत दारात आली. पलीकडचाही लेथ थांबला. दिनकरकाका धावत आमच्या शेडच्या तोंडाशी आले. त्यांना एका नजरेत सगळं कळलं. ‘अप्पा,’ ते म्हणाले. इतकंच. त्यांचा तो आवाज, कोपऱ्यावर ऐकू जाणारा, पण हे मला जेमतेम ऐकू आलं.

साहेबांनी विचारलं, ‘हे कोण? यांची काही हरकत आहे का? यातला काही माल दुसऱ्या कुणाचा असेल तर आत्ता सांगा, मी लिहून घेतो.’ म्हणजे दार उघडं होतं. त्या माणसानं दार उघडं ठेवलं होतं, म्हणूनच मी त्याला आजवर शिवी दिलेली नाही. अप्पांनी एवढंच म्हणायचं होतं, की लाल ठिपका दिनकरचा. पण मग स्टेटमेंट खोटं ठरणार. खोटं स्टेटमेंट म्हणजे फसवणूक, म्हणजे पोलीस, म्हणजे गहाण ठेवलेलं घर जाणार आणि अप्पा आत जाणार. काकांनी स्वतः म्हणावं, तर त्याच महिन्यात तोच माल त्यांनी त्यांच्या बँकेला स्वतःच्या शेडमध्ये दाखवलेला होता, तो इथं सापडला तर तेही अडकणार. आणि ते बोलले असते तर अप्पांना त्यांनीच पकडून दिल्यासारखं झालं असतं. त्यांच्या गावाकडं असं करत नाहीत. ते अप्पांकडं बघत राहिले. ‘बोल की अप्पा.’ अप्पा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. मी तिथंच होते, दोघांच्या मधोमध, हातात वही. मला तोंड होतं. पाच मिनिटांपूर्वी ते किती चुरूचुरू चाललं होतं!

‘सगळा माल तुमचाच ना?’ साहेबांनी परत विचारलं, आणि अप्पा बोलेनात म्हणून माझ्याकडं वळले.

मी म्हणाले, ‘व्हय.’

काकांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली आणि ते आपल्या शेडमध्ये गेले. साहेबांनी दाराला कुलूप लावून त्यावर कापड बांधलं, लाख वितळवून शिक्का मारला. आम्हाला घरात जायला मागची बोळ उरली. दुपारी अव्वानं चूल पेटवली नाही. संध्याकाळी अप्पांना म्हणाली, ‘जावा. अजून बँक उघडी आसल. सांगून या, ती खोकी दिनकरची हायती म्हणून.’ अप्पा म्हणाले, ‘आणि आत जाऊन बसू?’ ‘बसा. मी डबा आणीन.’ अप्पा गेले नाहीत. मला तर तिनं सांगितलंही नाही. तिला वाटलं असेल मी लहान आहे. वीस वर्षांची घोडी होते मी.

तो माल मोडीच्या भावानं गेला. चार महिन्यांचं आरशासारखं काम कुण्या व्यापाऱ्यानं वितळवण्यासाठी नेलं, आणि त्या पैशात आमचं व्याज आणि बरंचसं मुद्दल फिटलं. राहिलेल्याची बँकेनं तडजोड केली. घर वाचलं. हे मी जितकं सरळ लिहिते तितकंच सरळ घडलं. आमचं कर्ज दिनकरकाकांच्या मालानं फिटलं. त्यांची ऑर्डर गेली, धातूवाल्याची उधारी अंगावर आली, त्यांच्या बँकेत त्यांचं खातं थकलं आणि दीड वर्षात शेड विकावी लागली. एकदाही आमच्या दारात येऊन ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं होतं. भिंतीतल्या त्या भोकात कुणीतरी वीट बसवली होती, सिमेंट लावून. त्यांनी बसवली की आमच्या अप्पांनी, हे मी कधी विचारलं नाही. संक्रांतीला अव्वानं शेंगाच्या पोळ्या करून त्यांच्याकडं पाठवल्या. शालनकाकूनं ताट तसंच परत पाठवलं, वरचा रुमालसुद्धा न उचलता. त्या पोळ्या अव्वानं गाईला घातल्या आणि त्यानंतर आमच्या घरात शेंगाची पोळी झाली नाही.

त्या वर्षी घर झाडताना बसवेश्वरांच्या तसबिरीमागून बँकेची पत्रं निघाली. तीन. इंग्रजीतली. फोडलेली. शेवटच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, पैसे न भरल्यास माल जप्त करू. अप्पांना इंग्रजी फारसं येत नव्हतं हे खरं. पण घरात कॉमर्सला जाणारी मुलगी होती, ती वाचून दाखवायला एका पायावर तयार असायची. मग तिच्यापासून का लपवलं? माल आणताना त्यांना माहीत होतं का, की या खेपेला पाहुणा परत जाणार नाही? मी पत्रं होती तशी ठेवली. अप्पा त्यानंतर बरीच वर्षं जगले. कुणी विषय काढला तर म्हणायचे, ‘दिनकरनं माल आदल्या दिवशीच पाठवायचा हुता की कंपनीला. त्येचाच उशीर.’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ताटावरून उठले. दहाव्यांदा ऐकलं तेव्हा काही वाटलं नाही. माणूस स्वतःची समजूत घालतो, आणि घरातले त्याला घालू देतात. फुकटचं जेवत होतो ना आम्ही.

परवा भाचा सांगत होता, आता मोबाइलवर दहा मिनिटांत कर्ज मिळतं आत्या, आणि प्रत्येक माणसाची पत किती याचा म्हणे एक आकडा असतो. मी म्हटलं, असेल बाबा. दिनकरकाकांचा आकडा किती भरला असता त्यात, आणि आमचा किती? आमचा चांगला भरला असता. आमचं कर्ज फिटलं होतं ना.

मला नोकरी लागली ती गावातल्याच एका लहान बँकेत, कर्जविभागात. हसू नका. बी.कॉम., अक्षर चांगलं, बाप कर्ज फेडलेला. पंधरा वर्षं मी लोकांच्या शेडमध्ये जाऊन खोकी मोजत होते. रंगाचे ठिपके दिसले तरी मी विचारायची नाही. त्या जुन्या साहेबांसारखी दारातूनच मोजायची.

एका सकाळी काउंटरच्या बाकावर दिनकरकाका दिसले. अप्पा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. काका निम्मे झाले होते, तो आडवेपणा कुठंच नव्हता. मला बघून ते उठायला लागले. जाणारच होते. मग परत बसले. मी आत बोलावलं, खुर्ची दिली. ‘तू हायस व्हय हितं,’ ते म्हणाले. ‘झालीस की गं म्यानेजरीन.’ ते टोमणा मारत नव्हते. टोमणा असता तर मी तग धरला असता. दुसऱ्याच्या शेडमध्ये रोजावर काम करत होते, तो मालक जुना लेथ विकत होता, तो घ्यायला कर्ज हवं होतं. रक्कम इतकी थोडी, की लाज वाटावी. शालनकाकूंचे गुडघे गेलेत, म्हणाले, घराला लागून पत्रा मारून बसलो तर तिच्याकडंबी लक्ष राहील.

फॉर्म मीच भरायला घेतला. नाव, वय, पत्ता. मग तो रकाना आला: पूर्वीचं कर्ज थकलं असल्यास कारण. माझा हात थांबला. आमच्या बँकेचा नियम साधा होता. आधीचं खातं बुडालं असेल तर कर्ज नाही, जोवर ते अर्जदाराच्या चुकीनं बुडालं नाही असं अधिकारी लिहून देत नाही. आणि असं लिहून देणारी अख्ख्या कोल्हापुरात एकच व्यक्ती होती, ती टेबलाच्या अलीकडं पेन धरून बसली होती. लिहिलं तर काय झालं असतं? बँकेला खोटं सांगून दुसऱ्याचा माल जप्त करवणारी बाई बँकेत कर्ज देते, हे वर कळलं असतं. नोकरी गेली असती. अव्वा अंथरुणावर होती, तिची औषधं होती. हे सगळं खरं आहे. अप्पांकडंही त्या दिवशी अशीच खरी कारणं होती.

काका माझ्याकडं बघत होते. त्या दिवशी अप्पांकडं बघितलं होतं तसंच, घाई नव्हती. मग त्यांनीच सांगितलं. ‘ल्ही. धंद्यात खोट आली.’

‘काका...’

‘ल्ही गं. आता त्येला काय करायचं हाय?’

मी लिहिलं: धंद्यातील नुकसानीमुळे. त्यांनी पुढं वाकून, चष्मा कपाळावर सरकवून ते बघितलं. ‘अक्षर अजून तसंच हाय की तुझं,’ म्हणाले. मग टोपी सारखी करून, ‘कळीव बाई काय त्ये,’ असं म्हणून निघून गेले.

त्या रकान्याखाली अधिकाऱ्याच्या शिफारशीची ओळ होती. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी फाईल परत उघडली. एक पानभर मजकूर मनात तयार होता, पहिल्या वाक्यात माझं नाव होतं. बराच वेळ पेन उघडं ठेवून बसले. शिपाई दिवे बंद करायला आला, म्हणाला, मॅडम, झालं का? मी झालं म्हणाले, आणि त्या ओळीवर लिहिलं: शिफारस नाही. खाली सही केली. अक्षर सुरेख आलं होतं.